नोकरी सांभाळून लॉ

ठाणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर वकिली शिकायचं ठरवलंस, याचा मनापासून आनंद झाला. पण आधी एक गोष्ट ध्यानात घे: कागदोपत्री 'पार्ट-टाइम एलएलबी' असं काही नसतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनुसार तीन वर्षांचा कोर्स नियमितच करावा लागतो, आणि वर्ग सकाळी 8 ते संध्याकाळी 7 या वेळेतच भरतात. घरबसल्या मिळवलेल्या पदवीवर सनद, म्हणजे वकिली करायचा परवाना, मिळत नाही.

म्हणून ठाण्यात किंवा नेरुळ-बेलापूरला कॉलेज बघताना फी आणि इमारत नंतर, आधी चालू वर्षाचं टाइमटेबल माग. सकाळचे वर्ग असतील तर तिथून ट्रान्स हार्बर लोकलने ऐरोलीच्या ऑफिसात किती वाजता पोचशील, ते बघ. उशिरा येण्याची परवानगी साहेबांकडून लेखी घे. साहेब बदलले की तोंडी परवानगीला कुणी विचारत नाही.

माणसं अडकतात ती हजेरीत. प्रत्येक विषयात 70 टक्के लागते. एखाद्या विषयाचे 50 तास झाले, तर 35 ला वर्गात हवास. एखाद्या विषयात 65 टक्के हजेरीही चालवून घेऊ शकतात, पण अपवाद म्हणून, आणि सगळ्या विषयांत मिळून 70 भरत असतील तरच. मार्च एंडला ऑफिसात डोकं वर काढता येत नाही, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत एकही तास बुडवू नकोस.

सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, फार बाऊ करू नकोस. 120 प्रश्न, 120 मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा ठेवू नको.

ओळखीच्यांच्या जुन्या नोट्स मात्र जपून वापर. 1 जुलै 2024 पासून जुन्या आयपीसीच्या (भारतीय दंड संहितेच्या) जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचं कलम 302 आता 103 झालं, फसवणुकीचं 420 गेलं 318(4) मध्ये. तरी त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनाच आयपीसी लागतो, त्यामुळे जुनं-नवं दोन्ही कलमांचे आकडे शेजारी लिहून पाठ कर.

पेपरात नोकरदार लोक ऑफिसच्या रिपोर्टसारखं पानंच्या पानं लिहितात आणि गुण जातात. अल्पवयीनाच्या कराराचा प्रश्न आला, तर आधी करार कायद्याचं कलम 11, मग 1903 चा मोहोरीबीबी खटला, त्यात करार मुळातच शून्य ठरला हे एका वाक्यात, आणि लगेच दिलेल्या प्रसंगाला ते लावून दाखव. असं उत्तर रोज एक, हाताने, घड्याळ लावून लिही. कीबोर्डची सवय झालेला हात तीन तासांच्या पेपरात दुखतो.

रजा इंटर्नशिपसाठी राखून ठेव. तीन वर्षांत मिळून किमान 12 आठवडे लागतात. शिवाय एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला कोर्टात बसून बघायचा, डायरीत नोंदवायचा. ठाण्याचं कोर्ट रविवारी बंद, म्हणजे हे सगळं कामाच्या दिवशीच होणार.

आणि वहिनींशी आत्ताच बोल. पूर्णवेळ पगारी नोकरीत राहून वकिली करता येत नाही. सनद हातात घेतलीस की पगार थांबणार, आणि ज्युनियर म्हणून सुरुवातीला हातात फारसं काही येत नाही. किमान दोन वर्षांचा घरखर्च बाजूला असेल तरच राजीनामा दे. नोकरीच ठेवायची असेल तर पदवी घे आणि कंपनीत करार किंवा कंप्लायन्सच्या (कायदे-नियम पाळले जातात ना, हे बघण्याच्या) कामाकडे वळ; त्याला सनद लागत नाही.

टाइमटेबल मिळालं की पाठव, हजेरीचं गणित मी मांडून देतो.

तुझा,
अविनाश