मेची तिकिटं काढली आहेत

इन्व्हर्नेस, स्कॉटलंड

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

मेच्या पहिल्या आठवड्याची तिकिटं काढून टाकली. विचारलं असतं तर "पुढच्या वर्षी बघू" म्हणाला असतात. गणपतीला मला येता आलं नाही, आई काही बोलली नाही, पण मला कळतं. आणि मेच का, तर जूनमध्ये इथे मिजेस सुटतात, चिलटांपेक्षा बारीक, चावून जीव नकोसा करतात. मेच्या सुरुवातीला तो त्रास जवळजवळ नसतो आणि रात्री नऊपर्यंत उजेड असतो.

बाबा, तुम्हाला स्टॅक पॉली डोंगरावर न्यायचंय. उल्लापूल गावाच्या उत्तरेला, उंची 612 मीटर. गाडी थेट पायथ्याशी लागते, लॉख लर्गन तळ्याच्या काठाला. तिथून दगड बसवलेली पायवाट डोंगराला उजवीकडून वळसा घालून मागच्या अंगाने खिंडीत चढते. खिंडीत पोचलं की पश्चिमेला समुद्र आणि त्यात विखुरलेली समर आइल्स ही बेटं. उत्तरेला पाणथळ माळरानातून एकटाच उभा राहिलेला सुल्व्हेन डोंगर. माथ्यावर झिजून सुळके झालेला तांबूस वालुकाश्म सुमारे 100 कोटी वर्षांचा आहे. तुम्ही फळ्यावर रंगीत खडूने थर काढायचात ना, ते इथे हाताने चाचपता येतात. पहिल्यांदा हात लावला तेव्हा तुमचीच आठवण आली.

जायचं खिंडीपर्यंतच. खरं शिखर पश्चिम टोकाला आहे, तिथे कातळाला बिलगून चढावं लागतं. गुडघ्यामुळे म्हणत नाही हो, मीही खिंडीतूनच परतते. समुद्र तिथूनही पोटभर दिसतो. वासोट्यासारखं काही होणार नाही, आणि मध्येच परतावंसं वाटलं तर परतू. तुमचे केस मुठीत धरून, तुमच्या खांद्यावर बसून मी राजगड चढलेय, बाबा. आता माझ्या चालीने नाही, तुमच्या चालीने जायचं.

आई, तुला नाही चढावंसं वाटलं तर तळ्याकाठी थांब, मी थांबेन तुझ्यासोबत. थर्मासमध्ये आल्याचा चहा असेल. घरी कुकर आहे, तूरडाळ मिळते, बाथरूममध्ये जेटही बसवून घेतलाय. तुमच्या खोलीत सकाळी ऊन येतं. पाय दुखले तर रात्री मी तेल लावून देईन, नाही म्हणायचं नाही.

आता ऐका. बूट आजच घ्या आणि रोज घालून फिरा, नवे बूट इथे येऊन घालायचे नाहीत. जॅकेट वारा अडवणारं हवं, इथे थंडीपेक्षा वारा बोचतो. बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. बाबा, उतरताना दोन्ही हातांत काठ्या धरायच्या, मी आणून ठेवल्यात. आणि गुडघा या आठवड्यात दाखवून या. "ठीक आहे" असं फोनवर सांगू नका, रिपोर्टचा फोटो पाठवा.

तुमची,
मनू