पूलच्या पंप-रूममध्ये एकदा डोकावा

मा. संपादक,

आपल्या गोव्यात ऑक्टोबरात पर्यटनाचा सीझन सुरू होतो, त्याआधी कांदोळी-कळंगुटपासून कोलव्यापर्यंत हॉटेलवाले आणि आता तर फ्लॅटच्या सोसायट्यासुद्धा स्विमिंग पूल साफ करायला घेतात. पाणी निळंशार दिसलं की सगळे खूश, पण पंप-रूममध्ये काय ठेवलंय ते बघायला कोण जातो? चार पायऱ्या खाली कोंदट खोली, पंखा असला तर बंद, आणि दाणेदार क्लोरीनची बादली, गोळ्यांचा डबा, पीएच उतरवायच्या अ‍ॅसिडचा कॅन, सगळं एकाच भिंतीला टेकवलेलं.

दाणेदार म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइट, गोळ्या बहुतेक ट्रायक्लोरच्या. दोन्हींतून क्लोरीनच मिळतं म्हणून लोकांना वाटतं एकच माल, गोळ्या संपल्या की त्या पाण्यात विरघळवणाऱ्या फीडरमध्येच दाणे ओतून मोकळे. पण एक अल्कलाइन, दुसरं अ‍ॅसिडिक, त्यात जरा ओल मिळाली की भयंकर गरम होतं, क्लोरीन वायू सुटतो आणि नायट्रोजन ट्रायक्लोराइड तयार होऊ शकतं, जे चक्क स्फोटक आहे. एकच ओला डाव दोन्ही डब्यांत फिरवणंसुद्धा धोक्याचं, आणि आपल्या पावसाळ्यात कोरडं राहतं तरी काय! दाण्यांवर अ‍ॅसिड सांडलं तरी तोच वायू, 1915 साली बेल्जियममध्ये ईप्रला जर्मनांनी सैनिकांवर सोडलेला. हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड, म्हणजे तळघरासारख्या खोलीत खालीच साचणार, जिथं पूल साफ करणारा पोरगा वाकून काम करत असतो. (घरी बाथरूम घासताना ब्लीच आणि अ‍ॅसिडवालं टॉयलेट क्लीनर एकत्र ओतणाऱ्यांनीही हे वाचावं.)

काम करणारी मुलं बहुतेक परराज्यातली, डब्यावरची सूचना इंग्रजीत आणि तीही मुंगीएवढ्या अक्षरात. त्यांना दोष देण्यात काय अर्थ आहे? मालक लॉबीत फुलदाण्यांवर पैसे उधळतात, इथं अ‍ॅसिडसाठी वेगळी खोली, प्रत्येक डब्याला वेगळा कोरडा डाव, चालू पंखा आणि हिंदी-मराठी-कोंकणीत मोठा बोर्ड एवढंच पाहिजे, त्याला किती खर्च येतो! दाणे नेहमी भरलेल्या बादलीत पाण्यावर टाकायचे, दाण्यांवर पाणी ओतायचं नाही, हेसुद्धा बोर्डवर लिहा. आणि डबा धुमसायला लागला तर झाकण घट्ट लावू नका, फुटेल. बाहेर पळा, वारा जिकडून येतोय त्या बाजूला आणि उंचावर, मग 101 ला फोन.

1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली हॉटेलांची नोंदणी होतेच. रिन्यूअलच्या वेळी खोल्या बघायला येणाऱ्या साहेबांनी त्या चार पायऱ्यासुद्धा उतराव्यात, आणि सोसायट्यांचं बघायला पंचायतीने कोणाला तरी नेमावं, सीझन सुरू व्हायच्या आत.

– एक वाचक, म्हापसा