मांगाचे सुटे खंड नकोत, पूर्ण मालिका घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पणजी-मडगावच्या पुस्तकांच्या दुकानांत आणि प्रदर्शनांत मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथांचे, खंड आता सर्रास दिसतात. मुले ते उभ्या उभ्या वाचून काढतात आणि पालक ‘हे कसले कार्टून’ म्हणत फळीवर परत ठेवायला लावतात. ग्रंथालयात आलेच तर बहुधा एखाद्या मालिकेचा पहिला, चौथा आणि नववा असे सुटे खंड येतात आणि बालविभागात जाऊन पडतात. अशी खरेदी म्हणजे पैसे पाण्यात. अ‍ॅक्शन मांगा ही हजारो पानांची एकसलग कादंबरी असते आणि तिच्या उत्तम नमुन्यांत मारामारीच्या आडून एका जुलमी व्यवस्थेची चिरफाड चाललेली असते. ग्रंथालयांनी मालिका मोजक्याच घ्याव्यात, पण पहिल्या खंडापासून शेवटच्यापर्यंत घ्याव्यात, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

जपानी साप्ताहिकांत एका आठवड्याला साधारण १९-२० पानांचे प्रकरण छापले जाते. आठ-दहा प्रकरणे साठली की १८०-२०० पानांचा खंड निघतो. खंड कुठे संपवायचा हे पानांच्या हिशेबावर ठरते, त्यामुळे कित्येकदा लढाई ऐन मध्यावर तुटते. पुढचा खंड फळीवर नसेल तर वाचक तिथेच सुटतो.

हाजिमे इसायामा यांची ‘अटॅक ऑन टायटन’ ही मालिका घ्या. ती मासिकातून २००९ ते २०२१ चालली. १३९ प्रकरणे, ३४ खंड. पहिले चार-पाच खंड चाळणाऱ्याला वाटते, ५० मीटर उंच तटबंदीच्या आत दडलेली माणसे आणि बाहेर माणसे खाणारे राक्षस, बस्स. पण सर्वांत बाहेरची भिंत पडल्यावर काय होते ते नीट वाचावे. निर्वासित आत लोटतात, धान्य पुरेनासे होते आणि ‘गेलेली जमीन परत मिळवा’ असे सांगून सरकार अडीच लाख लोकांना, म्हणजे लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्याला, भिंतीबाहेर धाडते. परततात ते मूठभर. मागे उरलेल्यांना धान्य पुरते. कुणी भाषण ठोकत नाही. तो हिशेब वाचकाने आपणच मांडायचा असतो. ज्या तळघराचा उल्लेख सुरुवातीपासून येतो ते उघडते एकविसाव्या खंडात, आणि तिथून मागच्या सगळ्या खंडांचा अर्थ बदलतो. ग्रंथालयात पाचच खंड असतील तर वाचकाच्या हाती फक्त राक्षस लागतात.

चित्रपट पाहिला म्हणजे मांगा वाचल्यासारखेच, हाही एक गैरसमज. कात्सुहिरो ओतोमो यांचा ‘अकिरा’ १९८२ ते १९९० या काळात क्रमशः आला. सहा जाडजूड खंड, दोन हजारांवर पाने. चित्रपट आला १९८८ मध्ये, मूळ कथा पुरी होण्याआधीच. मांगात शहर उद्ध्वस्त होते ते तिसऱ्या खंडाच्या शेवटी, आणि अर्धी गोष्ट त्यानंतरची आहे! ढिगाऱ्यांत एक नवे ‘साम्राज्य’ उभे राहते, तर लेडी मियाको यांच्या मंदिरात उपाशी-जखमी लोकांना अन्न आणि औषध मिळते. कुणाच्या रांगेत उभे राहायचे, यावर माणसे जगतात-मरतात. इमारती कोसळताना ओतोमो यांनी पानेच्या पाने जवळजवळ संवादाशिवाय सोडली आहेत. एकेक खिडकी, एकेक तडा वेगळा काढलेला आहे. त्या पानांवरून भरभर जाऊ नये. हायाओ मियाझाकी यांच्या ‘नौसिका’चेही तसेच. १९८४ चा चित्रपट साधारण पहिल्या दोन खंडांतल्या मजकुरावर बेतलेला आहे. मांगाचे सात खंड १९९४ पर्यंत चालले, आणि त्यातला विषारी जंगलाचा प्रश्न शेवटी कितीतरी अवघड होऊन बसतो.

डिस्टोपियाच्या, म्हणजे जुलमी व्यवस्थेखालच्या कल्पित जगाच्या, नावाखाली विकले जाणारे सगळेच वाचण्यासारखे असते असे मात्र नाही. शंभर माणसे कोंडा, नियम सांगा, एकेकाला मारा, हा साचा फार झाला आहे. माझी कसोटी साधी आहे. तीन-चार खंड वाचूनही त्या जगात धान्य कुठून येते, हुकूम कोण सोडतो आणि तो माणसे का पाळतात हे कळत नसेल, तर ती मालिका नुसती रक्तपाताची आहे. इंग्रजी डिस्टोपियन कादंबऱ्यांनाही हीच कसोटी लावावी.

गोव्याच्या वाचकाला असे जुलमी जग परके वाटायचे कारण नाही. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत इथे मजकूर छापण्याआधी सेन्सॉरकडून तपासून घ्यावा लागे आणि परवानगीशिवाय सभा घेता येत नसे. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांना अटक झाली ती बंदी मोडून सभेत बोलायला उभे राहिल्याबद्दल. तो काळ पाहिलेली माणसे अजून घराघरांत आहेत. नातवाच्या हातातल्या पुस्तकात काय चालले आहे ते त्यांना दोन वाक्यांत सांगितले, तर त्यांच्याकडे बोलण्यासारखे पुष्कळ निघेल.

आता वयाचा मुद्दा, कारण पालकांची भीती खोटी नाही. ‘शोनेन’ असे लिहिले म्हणजे लहान मुलांना चालेल असे समजू नये. ते मासिकाच्या अपेक्षित वाचकवर्गाचे, म्हणजे किशोरवयीन मुलग्यांचे, नाव आहे. ‘अटॅक ऑन टायटन’सुद्धा शोनेन मासिकातच आली. पाहायचे ते मागच्या मुखपृष्ठावर, बारकोडच्या आसपास. व्हिझ या प्रकाशनाच्या खंडांवर ‘ए’ म्हणजे सर्वांसाठी, ‘टी’ म्हणजे १३ वर्षांपुढे, ‘टी प्लस’ म्हणजे १६ पुढे आणि ‘एम’ म्हणजे १८ पुढे. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ (२७ खंड) टी आहे, ‘डेथ नोट’ (१२ खंड) टी प्लस. बालविभागात फक्त ए ठेवावे, टी आणि टी प्लसची वेगळी फळी करावी, एम काउंटरमागे. एवढे केले तर सरसकट बंदी घालायची गरज उरत नाही.

खरेदी करताना आवृत्ती पाहावी. ‘अकिरा’चे कागदी बांधणीचे सहा इंग्रजी खंड डावीकडून उजवीकडे वाचण्यासाठी उलटवून छापलेले आहेत, २०१७ चा पुठ्ठा बांधणीचा संच मूळ जपानी पद्धतीने उजवीकडून डावीकडे जातो. दोन्हींची सरमिसळ केली तर तिसऱ्या खंडावरून चौथ्यावर जाताना वाचक गोंधळतो. तीन खंड एकत्र बांधलेल्या आवृत्त्या स्वस्त पडतात, पण ग्रंथालयात नकोत. जाड कण्यामुळे पान पूर्ण उघडत नाही, दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मधला भाग शिवणीत गडप होतो, आणि जोर लावून उघडले की डिंकाची बांधणी तडकते.

अर्ध्याहूनही कमी किमतीत ‘पूर्ण संच’ मिळत असेल तर तो बनावट असण्याची शक्यता दाट आहे. ओळख सोपी: राखाडी छटेचे बारीक ठिपके लाटांसारखे दिसतात, काळा रंग फिकट पडतो, बारीक अक्षरांच्या कडा फुटतात, आतल्या कडेचे शब्द शिवणीत जातात. बारकोडखालचा आयएसबीएन आतल्या प्रकाशन-पानावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. अस्सल खंड पाचशे रुपयांना धरला तर १२ खंडांची मालिका सहा हजारांत आणि ३४ खंडांची सतरा हजारांत होते. छोट्या गावच्या ग्रंथालयाने पूर्ण झालेली छोटी मालिका घ्यावी. चालू मालिकेच्या नादी लागू नये. पहिल्या तीन खंडांच्या दोन-दोन प्रती घ्याव्यात, कारण हरवतात आणि फाटतात ते तेच. खंड तासा-दीड तासात वाचून होतो, म्हणून एका वेळी चार खंड पंधरा दिवसांसाठी द्यावेत.

नोंदणी करतानाही एक चूक होते. मांगा उजवीकडून उघडतो, त्यामुळे आपण ज्याला पहिले पान समजतो ते शेवटचे असते. ‘तुम्ही उलट्या बाजूने सुरुवात करत आहात’ ही सूचना बऱ्याच खंडांत तिथेच छापलेली असते, आणि तारखेची चिठ्ठी नेमकी तिच्यावर चिकटवली जाते. मग नवा वाचक शेवटाकडून सुरू करतो, प्रश्नाआधी उत्तर वाचतो आणि पुस्तक टाकून देतो. चिठ्ठी मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला लावावी. शिक्का प्रकाशन-पानावरच मारावा. कागद खरखरीत आणि पातळ असतो, चित्राच्या पानावर मारला की शाई पलीकडे उतरते. कण्यावरच्या लेबलने खंडाचा क्रमांक झाकू नये.

वाचायची रीत मुलांना पाच मिनिटांत येते. वरच्या उजव्या चौकटीपासून डावीकडे, मग खाली. उजवीकडे दोन चौकटी एकावर एक आणि डावीकडे एक उभी लांब असेल, तर आधी उजवीकडच्या दोन्ही. फटका बसतो त्या चौकटीत पार्श्वभूमी गायब होऊन सगळ्या रेषा एका बिंदूकडे धावतात. नजर तिथेच न्यायची असते. डाव्या पानाची तळातली डावी चौकट उत्कंठा ताणते आणि पान उलटल्यावर धक्का बसतो. ही रचना कळली की मारामारीची पाने नुसती उलटली जात नाहीत, वाचली जातात.

राहिला पावसाळा. जून ते सप्टेंबर चिऱ्याच्या भिंती ओल धरतात आणि मांगाचा कागद ती पटकन शोषतो. फळी भिंतीपासून निदान तीन-चार इंच पुढे हवी, खंड उभे आणि थोडे सैल लावावेत. बंद लोखंडी कपाट रोज थोडा वेळ उघडावे. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या रंग बदलला की गरम करून पुन्हा वापराव्यात, वर्षभर तशाच ठेवून उपयोग नाही. दमट हवेत खंड प्लास्टिकमध्ये गच्च बांधले तर आत बुरशी येते. भिजलेला खंड उन्हात टाकू नये, मुखपृष्ठ वळते आणि पाने पिवळी पडतात. तो किंचित उघडा करून पंख्याखाली उभा ठेवावा, पानांत टीपकागद घालावा आणि सुरुवातीची गुळगुळीत रंगीत पाने आधी सोडवावीत, कारण वाळताना ती एकमेकांना चिकटली की सुटत नाहीत.

खरेदी मार्चअखेर उरलेल्या पैशांतून घाईने झाली की विक्रेत्याकडे जे खंड शिल्लक असतील ते गळ्यात पडतात. मागणी ऑक्टोबरमध्येच, मालिकेचे नाव, खंडांचे क्रमांक आणि आवृत्ती लिहून नोंदवावी, म्हणजे मधला एखादा खंड छपाईत नसला तरी तो मार्चपर्यंत मिळवायला विक्रेत्याला वेळ मिळतो.

आपला,
एक वाचक, फोंडा