हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या लेकरांना खेळू द्या

महोदय,

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत हृदयाला छिद्र सापडलेल्या मुलांची शस्त्रक्रिया मोफत होते, ही खेड्यापाड्यांसाठी मोठी सोय आहे. पण बरं होऊन गावी परतलेलं लेकरू पुढे वर्षानुवर्षं ओसरीवर बसवून ठेवतात. शाळेत खेळाच्या तासाला त्याच्याकडे इतरांच्या चपला राखायचं काम येतं. डिस्चार्ज कार्डावर ‘जड काम टाळा’ एवढंच असतं. कधीपर्यंत, ते नसतं.

छातीचं मधलं हाड कापून तारेने किंवा टाक्यांनी जोडलेलं असेल, तर ते सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. (मांडीतून नळी घालून छिद्र बुजवलेल्यांचे नियम वेगळे.) तोवर लेकराला काखेत हात घालून उचलू नये, दंड धरून ओढू नये, हाडाच्या दोन्ही कडा ताणल्या जातात. एक हात पाठीखाली, दुसरा ढुंगणाखाली घालून उचलावं. दप्तर, पाण्याची गुंडी, सायकल, झाडावर चढणं, बंडीच्या दांडीला लोंबकळणं बंद. मोटरसायकलच्या टाकीवर तर बसवूच नये. ब्रेक लागला की हँडल थेट छातीवर येतं.

चालणं मात्र घरी आल्याच्या पहिल्या दिवसापासून हवं. अंगणात पाच-पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, मग हळूहळू वाढवत न्यावं. चालताना लेकराला गप्पा मारता आल्या पाहिजेत. दम लागून शब्द तुटले की थांबावं. दुखतं म्हणून मुलं खांदे पुढे पाडून बसतात आणि तीच सवय अंगात मुरते. त्यासाठी दोन्ही हात एकदम, दुखणार नाही इतपत वर न्यायला लावावेत. साबणाचे फुगे उडवायला दिले तर श्वासही खोल जातो.

आठ आठवड्यांनंतरची तपासणी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला आला, तर बहुतेक मुलं लंगडी, लगोरी, पुढे खो-खोही खेळू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसात 180 मिनिटं हिंडावं-फिरावं, त्यातली 60 चांगली धावपळीची. पाच वर्षांपुढे रोज सरासरी 60 मिनिटं धावपळ. लेकरू थकून बसलं तर बसू द्यावं, शर्यतीसाठी टोचू नये. कृत्रिम झडप बसवून रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर कबड्डी-कुस्ती नको. पेसमेकर असेल किंवा फुफ्फुसातला रक्तदाब वाढलेला असेल, तर हृदयतज्ज्ञाला विचारूनच ठरवावं.

आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. उन्हाळ्यात खेळ सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावरच. लघवी जास्त होण्याचं औषध चालू असलेल्या मुलाला हगवण लागली तर लगेच डॉक्टरांना कळवावं. अंगातलं पाणी झपाट्याने उतरतं.

धावताना चक्कर, बेशुद्धी, छातीत कळ, ओठ निळे पडणं, तसंच ताप, जखमेतून पाणी, छातीच्या हाडात कटकट आवाज, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. धावताना पडलेल्या पोराला ‘ऊन लागलं’ म्हणून घरीच निजवणं जिवावर बेतू शकतं.

आमची मागणी साधी आहे. डिस्चार्ज कार्डावर मराठीत तीन ओळी असाव्यात: कोणते खेळ चालतील, कोणत्या तारखेपासून, आणि कोणते कधीच नाहीत. त्याची प्रत मुख्याध्यापक आणि अंगणवाडी सेविकेकडे जावी, आणि तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाने ते मूल खरंच मैदानात उतरतं का, हे विचारावं.

– बालकांच्या फिजिओथेरपीचं काम करणारे दोन वाचक, जि. यवतमाळ