नाचाचा तास म्हणजे छंद नव्हे

महोदय,

परदेशी शिक्षणाविषयी आपल्याकडे जे छापून येतं त्यात संगणक, व्यवस्थापन आणि फार तर अर्थशास्त्र असतं. मी शिकागोत कृष्णवर्णीयांचा नागरी इतिहास शिकते आणि आठवड्यातल्या दोन दुपारी पश्चिम आफ्रिकी नृत्य. इतिहासाबद्दल लोक आदराने विचारतात. नाचाचं नाव निघालं की म्हणतात, "छान, काहीतरी छंद हवाच." तो 'छंद' हा शब्द मला खटकतो, म्हणून हे पत्र.

या सत्रात मला शहराच्या दक्षिण भागातली एकच गल्ली अभ्यासायला दिली आहे. १९४० च्या जनगणनेच्या पानांवर घरोघरची नावं आहेत, शेजारी जन्मस्थान: मिसिसिपी, अलाबामा, आर्कान्सा, पुन्हा मिसिसिपी. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून लोक आगगाडीने इथे येत होते. १९१० साली शिकागोत सुमारे ४४ हजार कृष्णवर्णीय होते, १९२० साली १ लाख ९ हजार. माणसं वाढली, पण राहायची जागा त्या मानाने वाढू दिली नाही. 'कृष्णवर्णीयांना विकणार नाही, भाड्याने देणार नाही' अशी अट घरांच्या करारांतच लिहिलेली असे. न्यायालयांनी तिची अंमलबजावणी करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये ठरवलं. तोवर एकेका फ्लॅटचे तुकडे पाडून एका खोलीत एक कुटुंब, आणि संडास-न्हाणी कित्येकांत मिळून एक. अशा खोल्यांना 'किचनेट' म्हणत. १९३० च्या दशकातल्या गृहकर्जाच्या सरकारी नकाशात असे भाग कर्ज द्यायला धोक्याचे म्हणून लाल रंगवलेले आहेत. त्या लालात माझी गल्ली सापडली तेव्हा मी बराच वेळ नकाशा मिटला नाही.

नाचाच्या वर्गात सुरुवातीला मी मनात एक ते आठ मोजत असे. बाईंनी थांबवलं. मोजू नकोस, जेंबे ऐक, म्हणाल्या. जेंबे म्हणजे हाताने वाजवायचा पश्चिम आफ्रिकी ढोल. मुख्य वादक एक ठरलेला बोल वाजवतो, त्याला 'ब्रेक' म्हणतात. तो आला की पाऊल बदलायचं. गुडघे सैल, पाठ पुढे झुकलेली, भार जमिनीकडे. मला हे जमायला दोन महिने लागले. त्याच सुमारास इतिहासाच्या तासाला साउथ कॅरोलायनाचा १७४० चा कायदा वाचला. आदल्या वर्षीच्या स्टोनो उठावात गुलामांनी ढोल वाजवून माणसं गोळा केली होती, म्हणून ढोल बाळगायलाच बंदी. मग ताल टाळ्यांत, मांडीवरच्या थापांत आणि पावलांत राहिला. हे वाचलं त्याच दुपारी बाईंनी ढोल बाजूला ठेवून नुसत्या टाळ्यांवर नाचायला लावलं. तो कायदा मला तेव्हा खरा समजला.

कृष्णवर्णीय अमेरिकी नर्तकी कॅथरिन डनहॅम इतिहास आणि नाच या दोन्ही गोष्टी एकत्र जगल्या. शिकागो विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकताना, १९३५ साली, त्या शिष्यवृत्तीवर कॅरिबियन बेटांवर गेल्या. हैती, जमैका, मार्टिनिक, त्रिनिदाद इथे नाच पाहिले, नाचल्या, टिपणं केली आणि पुढे त्यातून स्वतःचं नृत्यतंत्र घडवलं. जगभर कार्यक्रम करून झाल्यावर, १९६७ मध्ये, त्यांनी ईस्ट सेंट लुइससारख्या कारखाने बंद पडत चाललेल्या शहरात तरुणांसाठी प्रशिक्षण केंद्र काढलं. हा नागरी इतिहास नाही तर काय?

आमच्याकडेही इतिहासाला चार श्रेयांक आहेत, नाचाला एक. तोही शारीरिक शिक्षणाच्या खात्यावर. हे चुकीचं आहे असं मी विभागाला लेखी कळवलं आहे. आपण डनहॅम यांच्यावर एक सविस्तर लेख छापावा, ही विनंती. आणि कुणाची मुलगी अशा अभ्यासक्रमाचं नाव काढत असेल, तर घरच्यांनी नको म्हणण्याआधी तिच्याकडून वाचनाची यादी मागून घ्यावी. माझ्या नाचाच्या वर्गाचीही यादी आहे, चार पानांची.

— एक विद्यार्थिनी, शिकागो