रॅमच्या लाइफटाइम वॉरंटीचा दावा मार्गी लावणाऱ्या सपोर्ट डेस्कवरच्या मित्रास

सप्रेम नमस्कार,

दावा मंजूर झाला, बदली रॅम आली आणि तपासून बसवलीही. दोन ओळींत आभार मानून हे प्रकरण मिटवता आलं असतं. पण तुम्ही ईमेलमधून जे विचारलंत आणि ज्या क्रमाने विचारलंत, ते लाइफटाइम वॉरंटीचा माल वापरणाऱ्या कुणाच्याही कामी येईल. म्हणून हे पत्र उघड लिहीत आहोत.

सपोर्टकडून पहिला प्रश्न सहसा "रीस्टार्ट करून पाहिलं का?" असा येतो. तुमचा प्रश्न होता, "एक्सएमपी (रॅमला खोक्यावरच्या वेगाने चालवणारी तयार सेटिंग) चालू आहे का?" खरी मेख तिथेच असते. डीडीआर4 पिढीच्या रॅमच्या खोक्यावर वेग 3600 लिहिलेला असला तरी बायोसला (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगला) हात न लावता ती साधारण 2133 ते 2666 वर आणि 1.2 व्होल्टवर चालते. एक्सएमपी लावलं की वेग वाढतो आणि व्होल्टेज बहुधा 1.35 वर जातं. तो वेग रॅमला झेपतो. प्रोसेसरच्या आतल्या मेमरी कंट्रोलरला आणि मदरबोर्डला झेपेलच असं नाही, विशेषतः चारही स्लॉट भरलेले असतील तर. म्हणून आधी एक्सएमपी बंद करून तपासायचं. तरीही चुका आल्या तर रॅमकडे बोट दाखवायला हरकत नाही. चुका थांबल्या तर एक्सएमपी पुन्हा लावून रॅमची एकेक पट्टी, म्हणजे स्टिक, वेगळी तपासायची. एकाच स्टिकवर चुका येत असतील तर तोही रास्त दावा आहे, कारण कंपनीने माल त्याच वेगाचा म्हणून विकलेला असतो. हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत, याचं विशेष वाटलं.

दुसरा उपकार म्हणजे तपासणीची पद्धत. विंडोजमधली मेमरी तपासणी "सगळं ठीक" म्हणाली म्हणून समाधान मानायचं नाही. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट86 हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवायचा. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात, त्या पूर्ण होऊ द्यायच्या. मोठ्या रॅमला यात कित्येक तास जातात, तेव्हा रात्री लावून ठेवणं बरं. एका वेळी एकच स्टिक, आणि तीही प्रोसेसरपासून मोजलेल्या दुसऱ्या स्लॉटमध्ये. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर एकट्या स्टिकची जागा तीच. मग तीच स्टिक दुसऱ्या चॅनलच्या (रॅम आणि प्रोसेसरमधल्या दुसऱ्या मार्गाच्या) स्लॉटमध्ये. चूक स्टिकबरोबर फिरली तर स्टिक खराब. चूक स्लॉटलाच चिकटून राहिली, म्हणजे कुठलीही स्टिक घातली तरी तिथे चुका येत असतील, तर रॅम परत पाठवून काही साधत नाही. तेव्हा स्लॉटमधली धूळ, प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन किंवा खुद्द मेमरी कंट्रोलर पाहायचा. चांगली रॅम परत जाते, तिथे ती निर्दोष ठरते आणि कुरियरचा खर्च गळ्यात पडतो, तो बहुतेकदा ही पायरी गाळल्यामुळेच.

मेमटेस्टच्या पडद्याचा फोटो मागताना "चुकीच्या बिटांचा आकडाही दिसू द्या" असं तुम्ही बजावलंत. तो आकडा बोलका असतो. प्रत्येक पत्त्यावर 00000400 (हा आकडा हेक्साडेसिमल पद्धतीतला) असाच येत असेल तर दर वेळी एकच बिट, शून्यापासून मोजल्यास क्रमांक 10, बिघडतोय. आठ-आठ बिटांच्या चिप असलेल्या डीडीआर4 स्टिकवर तो बिट दुसऱ्या बाइटचा, म्हणजे एका ठरावीक चिपचा. असा ठसा दिसला की चिप, तिचा सांधा किंवा सोनेरी पट्टीवरचा मळ, यांपैकी काहीतरी. मळाची शंका फेडायला 90 टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड पुरतं. खोडरबर नको, त्याचा चुरा स्लॉटमध्ये जातो. याउलट आकडे दर वेळी वेगळे आणि विखुरलेले येत असतील तर व्होल्टेज आणि टायमिंग (रॅमच्या प्रतिसादाच्या वेळेची सेटिंग) आधी तपासावं.

डीडीआर5 वाल्यांसाठी तुमची पुरवणीही इथे नोंदवतो. त्यातल्या चिपच्या आत चूक दुरुस्त करण्याची सोय असते, त्यामुळे एका बिटाचा दोष बाहेर दिसतच नाही आणि बिघाड उघड होईपर्यंत तो वाढलेला असू शकतो. शिवाय वीज नियंत्रित करणारी चिप स्टिकवरच बसवलेली असते. ती गेली तर स्टिक ओळखलीच जात नाही. मात्र नवी रॅम घातल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं पडदा काळा राहणं हा बिघाड नव्हे. बोर्ड तेव्हा रॅमशी जुळवून घेत असतो.

आता "लाइफटाइम"च्या अटी. त्या तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितल्यात. मुदत सहसा मूळ खरेदीदाराची. वापरलेला माल घेणाऱ्याला ती मिळतेच असं नाही. देशागणिकही फरक पडतो: क्रुशल या ब्रँडची रॅमवरची लाइफटाइम वॉरंटी जर्मनीत 10 वर्षांची आहे. नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोच्या अशा वॉरंटीत पंखा आणि पॉवर सप्लाय 5 वर्षांपुरतेच, आणि उत्पादन बंद केल्याची घोषणा झाली की वॉरंटी तिथून पुढे 5 वर्षंच. ईव्हीजीएच्या काही जुन्या ग्राफिक्स कार्डांना लाइफटाइम वॉरंटी होती, पण खरेदीपासून 30 दिवसांत नोंदणी केली असेल तरच. एसएसडीच्या (चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हच्या) बाबतीत तर वर्षं किंवा लिहिलेल्या टेराबाइटची मर्यादा, जे आधी संपेल ते. तेव्हा खोक्यावरचा मोठा शब्द नव्हे, आतला बारीक मजकूर वाचायचा. थर्मल कागदावरचं बिल काही वर्षांत कोरं होतं, म्हणून खरेदीच्याच दिवशी त्याचा स्कॅन करून ठेवावा. स्टिकवरचं स्टिकर सोलायचं नाही, हीटसिंकचं कव्हर काढायचं नाही. दावा फेटाळायला तेवढं कारण पुरतं. यंत्र न उघडता सिरियल क्रमांक हवा असेल तर सीपीयू-झेड या प्रोग्रामचा एसपीडी टॅब किंवा लिनक्सवर डीएमआयडीकोड ही आज्ञा वापरून पाहावं, पण शेवटी स्टिकरशी ताडून घ्यावंच.

जोडीत विकलेल्या रॅमची एकच स्टिक बिघडली तरी दोन्ही पाठवायच्या. हे ऐकून कपाळावर आठी येते, पण त्या जुळवून विकलेल्या असतात आणि बदलीही जोडीनेच येते. तोवर यंत्र बंद राहू नये म्हणून आगाऊ बदलीची सोय मिळते का, हे आधीच विचारावं. त्यात कार्डवर रक्कम रोखून धरतात आणि खराब माल मुदतीत पोहोचला नाही तर ती कापतात.

पॅकिंगबद्दल थोडक्यात: प्रत्येक स्टिक वेगळ्या अँटिस्टॅटिक पिशवीत, तिच्यावर बबल रॅप, मग कडक खोकं; नुसतं पाकीट नको. आरएमए क्रमांक (माल परत पाठवण्याच्या मंजुरीचा) खोक्याच्या बाहेर ठळक लिहायचा, ट्रॅकिंग असलेलंच कुरियर घ्यायचं, आणि बंद करण्याआधी स्टिकरचे फोटो काढायचे. मॉडेल बंद झालं असेल तर त्याच तोडीचं दुसरं किंवा दुरुस्त केलेलं मिळू शकतं, याची कल्पनाही तुम्ही आधीच दिली होतीत.

फॉर्ममधल्या "बिघाडाचं वर्णन" या रकान्यात "कॉम्प्युटर बंद पडतो" असं लिहू नका, हे तुम्ही सांगितल्यावर आम्ही लिहिलं: "एक्सएमपी बंद, एकच स्टिक, दोन वेगवेगळ्या स्लॉटमध्ये मेमटेस्ट86 मध्ये त्याच बिटावर चुका, दुसरी स्टिक त्याच दोन स्लॉटमध्ये चारही फेऱ्या निर्दोष." त्यावर पुन्हा एकही प्रश्न आला नाही.

बदली आलेल्या जोडीवर त्याच चार फेऱ्या चालवल्या. तिच्या चिप वेगळ्या बनावटीच्या निघाल्या, त्यामुळे ती जुन्या रॅममध्ये न मिसळता वेगळ्या यंत्रात बसवली. नवे सिरियल क्रमांक आणि तुमचं मंजुरीचं ईमेल मूळ बिलाच्या स्कॅनसोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवलं आहे, कारण मूळ बिलावर हे क्रमांक कुठेच नाहीत आणि पुढचा दावा करायची वेळ आली तर तेच विचारले जातील.

मनःपूर्वक आभार.

आपले,
संगणकांची देखभाल करणारे तुमचे ग्राहक