पेनांगच्या काकूंना उघडं पत्र

ती. स्व. काकूंना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही, हे मला आधीच माहीत आहे. समोरासमोर आभार मानायला लागलं की तुम्ही ‘काहीतरीच तुझं’ म्हणता आणि कोथिंबिरीच्या भावावर येता. आता तुमचं सामान बोटीवर चढलंय, तुम्ही कायमच्या रत्नागिरीला निघालात. तेव्हा म्हटलं, चारचौघांत लिहावं. इथे तरी तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

ज्यांना तुम्ही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मलेशियातल्या पेनांग बेटाच्या दक्षिणेला बायान लेपास आहे. तिथे 1972 मध्ये मुक्त व्यापार क्षेत्र सुरू झालं आणि पाठोपाठ इलेक्ट्रॉनिक चिपांचे कारखाने आले. काका त्या कारखान्यांपायी इथे आले, त्यांच्यानंतर कितीतरी वर्षांनी माझा नवरा आला. त्याच्याबरोबर मी, कडेवर मूल आणि पासपोर्टात ‘नोकरी करता येणार नाही’ असा शिक्का. गाडी नवऱ्याकडे. आमचं बस्तान बसवून देणाऱ्या कंपनीने एक चकचकीत पुस्तिका दिली होती, तिच्यात मॉलच मॉल. खाली उतरावं तर उन्हाने डोकं भणभणायचं, आणि ऊन कलायला लागलं की आभाळ फाटल्यासारखा पाऊस. मी दिवसभर खिडकीतून सामुद्रधुनीतली जहाजं बघत बसायचे.

तुम्ही मला ‘चल, शहर दाखवते’ असं कधीच म्हणाला नाहीत. तुमचा प्रश्न असायचा, “तुझ्या घरात काय संपलंय?” कढीपत्ता संपलाय, कुकरची रिंग गेलीये, मुलाच्या चपला तोकड्या झाल्यात, असं काहीतरी सांगावं लागायचं. मग पिशवी, छत्री, बससाठी सुटी नाणी, आणि निघायचं. “पाव्हण्यासारखं काय फिरायचं? राहतो ना आपण इथे!” हे तुमचं वाक्य. त्या वेळी मला ते जरा तुसडं वाटायचं.

कढीपत्त्यासाठी इथल्या जुन्या शहरात, जॉर्ज टाउनमधल्या लिटल इंडियात जायचं, तर तुम्ही बसमधून मुद्दाम अलीकडे उतरवायचात. का, ते चालताना कळायचं. आधी सेंट जॉर्ज चर्च, 1818 सालचं, पांढरंशुभ्र. मग त्याच रस्त्याला गुआन यिन या चिनी देवीचं देऊळ, उदबत्त्यांच्या धुराने डोळे चुरचुरणारं. पुढे महामारिअम्मनचं देऊळ, 1833 चं. त्याचं तोंड पलीकडच्या क्वीन स्ट्रीटकडे. आणि मग कपितान केलिंग मशीद, कंपनी सरकारने 1801 मध्ये तमिळ मुसलमानांच्या पुढाऱ्याला जागा दिली त्यावर उभी राहिलेली. हे सगळं पिशवी सांभाळत, पोराची गाडी ढकलत, रमतगमत गेलं तरी मुलाचं बिस्कीट संपायच्या आत. 2008 मध्ये युनेस्कोने जॉर्ज टाउन आणि मलाक्का या दोन्ही शहरांना एकत्रच जागतिक वारशाचा मान दिला, हे मी आधी वाचलं होतं. पण वारसा म्हणजे ज्या गल्लीतून शेवग्याच्या शेंगा घेऊन घरी येतो ती गल्ली, हे तुमच्याबरोबर चालून कळलं.

त्या चर्चच्या सावलीत बसून तुम्ही सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. हे चर्च हिंदुस्थानातून आणलेल्या कैद्यांच्या हातांनी बांधलेलं. कंपनी बंगालमधून, मद्रासेतून, आपल्या मुंबई इलाख्यातूनही जन्मठेपेचे कैदी इकडे पाठवायची आणि त्यांच्याकडून रस्ते खोदून घ्यायची, दलदली भरून घ्यायची. तुम्ही रत्नागिरीच्या, त्यामुळे पुढचं तुम्हीच बोलू शकत होता: “आमच्याकडे यांनी ब्रह्मदेशचा थिबा राजा आणून ठेवला, आणि आमची माणसं इकडे आणून टाकली. यांचा धंदाच तो, इकडचं तिकडे.” थिबा 1886 पासून 1916 मध्ये मरेपर्यंत रत्नागिरीत होता; त्याचा राजवाडा शाळेच्या सहलीत मीही पाहिला होता. त्या दोन गोष्टी एका धाग्यात ओवायचं माझ्या काही डोक्यात आलं नव्हतं. या बेटावरची पहिली मराठी बाई आपण नक्कीच नव्हतो, असं तेव्हापासून वाटतं. आपल्याआधी कुणीतरी पायात बेड्या घालून इथे मराठीत शिव्या दिल्या असतील.

दादा-वहिनी क्वालालंपूरहून रेल्वेने आले, त्या दिवशीची फेरी तर मी सगळ्यांना सांगत असते. रेल्वे बेटावर येत नाही, समोरच्या मुख्य भूमीवर बटरवर्थला थांबते. पूल 1985 पासून आहे, दुसरा लांबलचक 2014 पासून. पण तुम्ही म्हणालात, पाहुणे आणायचे तर बोटीनेच. जुन्या पिवळ्या दुमजली बोटी आता गेल्या, 2023 मध्ये नव्या आल्या. त्यांच्या काचेबाहेर बोट दाखवत तुम्ही इतिहास सुरू केलात आणि दोन बाक पुढचे गृहस्थही वळून ऐकायला लागले. भाषा कळत नसावी, पण हातवारे कळत होते.

फ्रान्सिस लाइट नावाच्या व्यापाऱ्याने 11 ऑगस्ट 1786 ला बेटावर झेंडा लावला. बेट केदाहच्या सुलतानाचं. त्याला सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची धास्ती, म्हणून कंपनीने त्याचं रक्षण करावं या बोलीवर त्याने बेट द्यायचं कबूल केलं. लाइटने ‘होऊन जाईल’ म्हटलं. कंपनीने मात्र तसं वचन कधी दिलंच नव्हतं. सुलतानाला हे कळल्यावर त्याने 1791 मध्ये समोरच्या किनाऱ्यावर फौज जमवली. लाइटने ती उधळून लावली, आणि मग तह झाला: वर्षाला सहा हजार स्पॅनिश डॉलर घ्या आणि गप्प बसा. 1800 मध्ये किनाऱ्यावरची पट्टीही घेतली, रक्कम दहा हजार झाली. पुढे 1821 मध्ये सयामने केदाहवर खरोखरच चाल केली तेव्हा कंपनी हाताची घडी घालून बसली.

“आणि त्या पट्टीला नाव कुणाचं दिलं? वेलस्लीचं!” इथे तुमचा आवाज चढला. ज्या गव्हर्नर जनरल वेलस्लीने तीन वर्षांनी शिंदे-भोसल्यांवर युद्ध लादलं, तोच. आणि असईच्या लढाईत ज्याने आपल्या फौजेला हरवलं तो त्याचा भाऊ आर्थर, तोही 1797 मध्ये मनिलावर जायला निघालेल्या पलटणी घेऊन याच बंदरात येऊन गेलेला. दादाला हे तुम्ही परतीच्या बोटीत पुन्हा सगळं सांगितलंत. जालन्याकडचा माणूस तो, असई त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. प्रवासाचा शीण विसरून त्याने तुमच्याशी दौलतराव शिंद्यांच्या चुकांवर जो वाद घातला, तो जेट्टीवर उतरून टॅक्सी मिळेपर्यंत चालू होता. वहिनी आणि मी बॅगा ओढत मागे.

कॉर्नवॉलिसच्या किल्ल्यात तुम्ही जास्त रमत नाही. “तट आहे, तोफा आहेत, लढाई झालेली नाही, मग कशाला?” तिथला लाइटचा पुतळा त्याच्या मुलाच्या चेहऱ्यावरून घडवला, कारण बापाचं चित्रच उपलब्ध नव्हतं, असं सांगतात. मुलगा विल्यम, ज्याने ऑस्ट्रेलियात अॅडलेड शहर आखलं. सेरी रंबाई नावाची 1603 ची डच तोफ मात्र तुमची लाडकी. तिच्या तोंडाशी फुलं ठेवली की मूल होतं अशी इथल्या बायकांची श्रद्धा. मी चार हात लांबून नमस्कार केला, एक पुरे आहे.

लाइट स्वतः 1794 मध्ये हिवतापाने गेला. त्याच्या कबरीपाशी आपण गेलो ते तुमच्या दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायला अवकाश होता म्हणून. जुनं प्रोटेस्टंट कब्रस्तान, सगळीकडे चाफा. तुम्ही गाल धरून वयं वाचत होतात: बावीस, एकोणतीस, तीन महिने. मग म्हणालात, “साम्राज्य म्हणे!” आणि डॉक्टरांकडे गेलात.

जायफळाबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं. श्रीखंडासाठी जायफळ हवं असं मी म्हटलं, तर तुम्ही मला डोंगरापलीकडे बालिक पुलाऊला घेऊन गेलात. बस वळणं घेत वर चढते, मुलाने माझ्या अंगावर ओकारी केली, तुम्ही पिशवीतून टॉवेल काढलात, तोही होताच. तोवर मला जायफळ म्हणजे डब्यातली तपकिरी गोटी. तिथे फळ हातात मिळालं. पिवळट, गुळगुळीत, लहान पेरूएवढं, मधोमध उभी चीर. तुम्ही अंगठ्यांनी ते उकललंत. आत काळसर चकचकीत कवच, आणि त्याला वेढून बसलेली लालभडक, ओली, जाळीदार जायपत्री. ती तुम्ही नखाने अलगद, न तोडता सोडवलीत आणि माझ्या मुलाच्या तळहातावर ठेवलीत. ती सुकली की आपल्या मसाल्यातली पिवळसर जायपत्री होते. कवच फोडलं की आत आपलं जायफळ. डचांकडून जिंकलेल्या, आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवरून कंपनीने ही रोपं इकडे आणली, बेटावर बागाच बागा झाल्या, आणि 1860 च्या सुमारास रोग पडून बहुतेक बसल्या. जी झाडं आज आहेत, त्यांच्या फळाचा गर इथले लोक साखरेत मुरवतात, त्याचं सरबतही करतात. चौरस्ता बाजारात बरण्या भरलेल्या असतात. तुम्ही तिथल्या बाईशी ‘बोलेह कुरांग?’ म्हणत घासाघीस केलीत आणि भाव उतरल्यावर तिच्या नातवाची चौकशी करत अर्धा तास उभ्या राहिलात.

असं सगळीकडेच. ‘वेल्ड की’ या धक्क्याच्या जेट्ट्यांवर पाण्यात खांब रोवून उभी असलेली चिनी घरं, एकेका आडनावाची एकेक जेट्टी. पर्यटक तिथे फोटो काढतात, तुम्ही सुकट घ्यायला जाता. जमिनीवर नसल्याने या घरांना जमिनीचा कर नव्हता, हे ऐकून माझ्या नवऱ्याचे डोळे चमकले होते. आर्मेनियन स्ट्रीटवर 2012 मध्ये रंगवलेल्या सायकलवरच्या मुलांच्या चित्रापुढे रांग असते. तुम्ही रांगेतल्या लोकांना बाजूला व्हायला सांगून पुढे जाता, कारण पलीकडच्या दुकानात वाती मिळतात. (सुन यत-सेनने जिथून चिनी क्रांतीची जुळवाजुळव केली ते 120 नंबरचं घर त्याच रस्त्यावर आहे. ते मी तुमच्याशिवाय पाहिलं. तुम्हाला तिथे काही काम निघालं नाही.) केक लोक सी या बौद्ध देवळाच्या सात मजली पॅगोड्याचा तळ चिनी, मधला भाग थाई, कळस बर्मी, हे तुम्ही मला खालच्या बाजारात आसाम लाक्सा खाताना, पळीने दाखवत सांगितलंत. आणि पेनांग हिलची 1923 पासूनची डोंगरगाडी? तिचं तिकीट आपल्यासारख्या परदेशी लोकांना महाग, म्हणून तुम्ही नाक मुरडलंत. पण काकांच्या वाढदिवसाला मात्र स्वतःच सगळ्यांना नेलंत आणि वर पोचल्यावर मुरुगनच्या देवळात नवस फेडायचा होता असं जाहीर केलंत. काम निघालंच.

तैपुसमच्या, म्हणजे तमिळांच्या मुरुगन उत्सवाच्या पहाटे तुम्ही मला पाणी वाटायच्या मांडवात उभं केलंत, ते शेवटचं लिहिते. रथाच्या वाटेवर नारळांचे ढीग, कमरेएवढे. तमिळ माणसं फोडत होती, त्यांच्या शेजारी चिनी कुटुंबं तितक्याच जोराने फोडत होती. चपला नारळपाण्यात भिजून चिकट झाल्या होत्या. माझ्या हातात पेल्यांचा ट्रे, आणि लोक मला ‘आंटी’ म्हणून हाका मारत होते. त्या दिवशी घरी आल्यावर मी आईला फोनवर पहिल्यांदा ‘आमच्याकडे’ म्हटलं, आणि ती म्हणाली, आमच्याकडे म्हणजे कुठे?

तेव्हा आभार, काकू. कुकरच्या रिंगेबद्दल, टॉवेलबद्दल, वेलस्लीबद्दल, आणि मला कधी पाहुणी समजला नाहीत याबद्दल. सातव्या मजल्यावर नाशिकची एक मुलगी आली आहे, अजून घराबाहेर पडत नाही. तिला विचारलं, घरात काय संपलंय. हिंग म्हणाली. शनिवारी जातोय.

तुमचा कढीपत्त्याचा कुंडा मी आणलाय, तो पाणी जास्त झाल्याने पिवळा पडतोय की ऊन कमी म्हणून, ते तेवढं पोचल्यावर कळवा. काकांना नमस्कार.

तुमची,
वरच्या मजल्यावरची